झेंड्यापासून मागे: गोल्फच्या गेममध्ये शॉट आखायचा कसा, पट घालायचा कसा

खऱ्या गोल्फच्या मैदानावर मी अजून पाय ठेवलेला नाही. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात हिशोब लिहितो. मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती तव्यासारख्या तापलेल्या असतात, झोप येत नाही. मग भाचा आणि मी कूलरसमोर बसून टीव्हीवर गोल्फ खेळतो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. चौथा होल, पार चार, म्हणजे चार फटक्यांत चेंडू झेंड्याखालच्या होलमध्ये जायला हवा. माझा दुसरा शॉट झेंड्याच्या पलीकडे सहा फुटांवर थांबला, भाच्याचा अलीकडे पंधरा फुटांवर. मी मनात बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, लिहूनसुद्धा टाकली. पण माझा पट, म्हणजे होलकडे घरंगळत मारायचा हलका फटका, उताराचा होता. नुसता धक्का दिला तरी चेंडू होलच्या काठावरून घसरला आणि नऊ फूट खाली गेला. परतीचा हुकला, मग कुठे पडला. तीन पट, बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. भाच्याने पंधरा फुटांवरून चढावर मारला. पडला नाही, पण होलला टेकून थांबला. पार.

त्या रात्रीपर्यंत मला वाटायचं, आपला अंगठा वाकडा जातो. अंगठा ठीकच होता. चेंडू चुकीच्या बाजूला ठेवला होता. पटिंग सुधारायचं असेल तर सुरुवात ग्रीनवरून (होलभोवतीच्या बारीक गवतावरून) करून उपयोग नाही, ती टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) करावी लागते, आणि विचार मात्र झेंड्यापासून मागे यायला हवा. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे. मी पीजीए टूर २के मालिका खेळतो, पण मोबाइलवरच्या गेमलाही यातलं बहुतेक लागू पडतं, कारण वारा, चढ-उतार आणि ग्रीनचा वेग बहुतेक गेममध्ये असतातच.

आधी टीव्ही, मग वही

टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. नेहमीच्या मोडमध्ये टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो, त्यामुळे बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल उशिरा दिसते. तीन क्लिकच्या स्विंगमध्ये (सुरुवात, जोर आणि फटका असं तीनदा बटण दाबायचं) तेवढ्यावरच चेंडू उजवीकडे जातो आणि आपण बोटाला शिव्या घालतो. ब्लूटूथ हेडफोनचा आवाजही मागे पडतो, म्हणून आवाजाच्या ठेक्यावर मारणाऱ्यांनी वायरवाला लावावा. आणि अवघडपणाची पातळी महिनाभर बदलू नका. रोज पातळी बदलणाऱ्याचा हात कधीच बसत नाही.

आता वही. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडायच्या बंदुका असतात, त्यांची नळी जराशी वाकडी असते हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. शहाणा माणूस पहिला छर्रा फुगा फोडायला मारत नाही, नळी किती वाकडी आहे ते बघायला मारतो. प्रॅक्टिस रेंजवर हेच करायचं. वारा शून्य ठेवा आणि प्रत्येक क्लबने (चेंडू मारायच्या काठीने) पूर्ण ताकदीचे दहा चेंडू मारा. दोन आकडे लिहा: चेंडू हवेतून किती यार्ड गेला, आणि घरंगळून शेवटी कुठे थांबला. आयर्न नावाच्या क्लबचा आकडा वाढला की अंतर कमी होतं: माझ्या खेळाडूचा ६ आयर्न हवेतून १७६ यार्ड जातो, ७ आयर्न १६५, ८ आयर्न १५४. तुमचे आकडे वेगळे येतील, यायलाच हवेत.

बहुतेक जण फक्त शेवटचा आकडा बघतात. बंकर (वाळूचा खड्डा) ओलांडायचा असेल तेव्हा हवेतला आकडा लागतो, आणि ग्रीनवर चेंडू कुठे थांबेल हे ठरवायला दोन्ही लागतात. वेजचे (जवळून उंच मारायच्या क्लबचे) आकडे ५०, ७५ आणि १०० टक्के ताकदीला वेगवेगळे काढा. तिथे अर्ध्या ताकदीला अर्धं अंतर मिळेल असं धरून चाललात तर फसाल.

उलटा हिशोब

टीवर उभे राहिलात की लगेच मारू नका. कॅमेरा उडवून थेट ग्रीनवर न्या. भाचा सुरुवातीला ओरडायचा, "मामा, हिशोब काय करायलाव? मारा की आता!" आता तोही नेतो.

ग्रीनवर पहिला प्रश्न: पाणी ओतलं तर कुठल्या बाजूला वाहील? ती खालची बाजू. झेंड्याच्या त्या बाजूला, पंधरा फुटांच्या आत, जिथून पट चढाचा आणि जवळजवळ सरळ पडेल, तिथे आपला चेंडू थांबायला हवा. ती जागा डोक्यात पक्की करा. झेंडा विसरा.

दुसरा प्रश्न: त्या जागी कुठल्या अंतरावरून आणि कुठल्या बाजूने येणं सोपं? समजा होल ३८५ यार्डांचा आहे, झेंडा उजवीकडे बंकरच्या मागे लपलाय आणि ग्रीन मागून पुढे उतरतंय. आपल्याला डाव्या पुढच्या बाजूला थांबायचंय. मला १२५ यार्डांवरून वेजचा पूर्ण स्विंग सगळ्यात भरवशाचा वाटतो, ७० यार्डांवरून अर्धवट स्विंग मुळीच नाही. ३८५ मधून १२५ गेले, २६० उरले. म्हणजे टीवरून ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) नको, त्याहून थोडा कमी जाणारा ३ वूड पुरे. २७५ वर फेअरवेचा (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्टीचा) बंकर आहे, तोही आपोआप टळला. ड्रायव्हर मारून पन्नास यार्ड पुढे जाण्यात मजा आहे हे मान्य. पण तिथून उरतो तो ७५ यार्डांचा अर्धवट शॉट, समोर बंकर, आणि चेंडू थांबवायला जागा नाही.

चुकायचंच असेल तर कुठल्या बाजूला चुकायचं, तेही आधीच ठरवा. झेंडा उजवीकडे असताना उजवीकडेच चुकलात तर चेंडू आणि होल यांच्यात ग्रीन उरतच नाही, चिप (ग्रीनबाहेरून उचलून मारलेला छोटा फटका) मारून थांबवणार कुठे? डावीकडे चुकलात तर सगळं ग्रीन तुमचं. म्हणून निशाण झेंड्याच्या डावीकडे. दर वेळी झेंड्यावरच मारणारा माणूस एखाद्या होलला वाहवा मिळवतो आणि पुढच्या दोन होलना तीच परत करतो.

पार पाचला दोन शॉटमध्ये ग्रीन गाठायचा मोह सगळ्यांनाच होतो. माझा नियम साधा आहे: हवेतला आकडा पुरत असेल आणि समोर पाणी नसेल तरच. नाहीतर मागे थांबून आवडीचे १२५ यार्ड ठेवायचे.

वारा, चढ आणि गवत

आता एक शॉट पूर्ण मांडतो. झेंडा १५० यार्ड, समोरून वारा ताशी १० मैल, ग्रीन १२ फूट उंचावर, चेंडू फेअरवेवर.

झेंड्याच्या ४ यार्ड अलीकडे थांबायचंय, म्हणजे १४६. पडल्यावर चेंडू साधारण ६ यार्ड पळेल, म्हणजे हवेतून १४०. खऱ्या गोल्फमध्ये एक ढोबळ ठोकताळा वापरतात: समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या दर मैलाला अंतर एक टक्क्याने वाढवायचं, मागून येत असेल तर दर मैलाला अर्धा टक्काच कमी करायचं. समोरचा वारा जितकं नुकसान करतो तितका फायदा मागचा करून देत नाही. इथे १० टक्के म्हणजे १४ यार्ड, १५४ झाले. दर तीन फूट चढाला एक यार्ड, १२ फुटांचे ४. एकूण १५८. वहीत ७ आयर्न १६५ आहे, म्हणजे ७ आयर्न ९६ टक्के ताकदीने.

हाच शॉट घाईत खेळणारा १५० बघतो आणि १५४ चा ८ आयर्न उचलतो. वारा १५ खातो, चढ ४, आणि चेंडू १३५ वर ग्रीनसमोरच्या वाळूत. त्याला वाटतं स्विंग चुकला.

तोच चेंडू रफमध्ये (वाढलेल्या गवतात) असेल आणि गेम ९० टक्के दाखवत असेल, तर १५८ ला ०.९ ने भागा: साधारण १७६, म्हणजे पूर्ण ६ आयर्न. गुणायचं नाही, भागायचं. हिशोबनीस असूनही पहिल्या आठवड्यात मीही गुणलं होतं. शिवाय गवतातून मारलेल्या चेंडूला फिरकी कमी मिळते, तो पडल्यावर जास्त पळतो, म्हणून पडायची जागा आणखी अलीकडे घ्या.

वारा तिरका असेल तर त्याचे दोन तुकडे करा. ४५ अंशांतून येणारा १० मैलांचा वारा म्हणजे ७ मैल समोरचा आणि ७ मैल बाजूचा. बाजूच्या वाऱ्याला मी कुठलाच ठोकताळा मानत नाही, कारण गेमगणिक फरक पडतो. रेंजवर १० मैलांचा आडवा वारा लावून प्रत्येक क्लबने पाच चेंडू मारायचे आणि किती यार्ड वाहून गेले ते वहीत टाकायचं. तेवढ्याच अंतराला उंच जाणारा चेंडू जास्त वेळ हवेत असतो, म्हणून तो जास्त वाहतो. जोराचा वारा असेल तेव्हा मोठा क्लब घेऊन कमी ताकदीने, चेंडू जमिनीलगत ठेवून मारलेला शॉट बरा.

इंचाला फूट

ग्रीनवर आलो. इथे पहिल्यांदा वेग, मग दिशा. बहुतेक जण उलटं करतात, म्हणून तीन पट होतात. किती वळेल हे चेंडू किती जोरात जातोय त्यावर ठरतं, त्यामुळे जोर ठरल्याशिवाय दिशा ठरवताच येत नाही.

ग्रीनच्या वेगाचा आकडा आला कुठून ते कळलं की अर्धं काम होतं. १९३५ मध्ये अमेरिकेत एडवर्ड स्टिम्पसन या खेळाडूने तो मोजायचं एक साधन काढलं, त्यालाच स्टिम्पमीटर म्हणतात. हल्लीचं साधन म्हणजे ३६ इंचांची खाचेची पट्टी. चेंडू ३० इंचांवरच्या खोबणीत ठेवायचा आणि पट्टी हळूहळू उचलायची. साधारण २० अंशांना चेंडू सुटतो, घरंगळत सपाट ग्रीनवर येतो आणि जितके फूट पळतो तितका ग्रीनचा वेग. दहा फूट पळाला तर दहा.

आता गंमत बघा. पट्टी २० अंशांवर उचलली तर ३० इंचांवरचा चेंडू जमिनीपासून जवळपास दहा इंच उंच असतो. म्हणजे दहा इंच उंचीवरून आलेला जोर दहा वेगाच्या ग्रीनवर दहा फुटांत संपतो. एका इंचाला एक फूट! पट चढाचा असेल तर चढाच्या दर इंचाला एक फूट वाढवायचा, उताराचा असेल तर एक फूट काढायचा. ग्रीन १२ चं असेल तर इंचाला १.२ फूट, ८ चं असेल तर ०.८. घोकायची गरज नाही, दहाने भागा.

यात आणखी दीड फूट घालायचा. चेंडू होलच्या तोंडाशी येऊन मरायला नको, चुकला तर थोडा पुढे जाऊन थांबायला हवा. अमेरिकी प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांनी प्रयोगांवरून हा आकडा १७ इंच सांगितला होता, दीड फुटाला थोडा कमी.

१८ फुटांचा पट, ४ इंच चढ, ग्रीन १०: १८ अधिक ४ अधिक १.५, म्हणजे साडेतेवीस फुटांचा जोर. तोच पट ६ इंच उताराचा: १८ वजा ६ अधिक १.५, साडेतेरा. उतारावर मी तो दीड फूट पाऊणच धरतो, भीती म्हणून.

आता तो चौथा होल आठवा. नंतर प्रॅक्टिसमध्ये जाऊन त्याच जागेवरून आकडा पाहिला: सहा फूट अंतर, साडेपाच इंच उतार. सहातून साडेपाच गेले, उरला अर्धा फूट. म्हणजे तिथून चेंडू थांबवायला जागाच नव्हती, नुसता हलवला की गेलाच. इंच आणि फूट बरोबरीला आले की समजा ब्रेक नसलेली सायकल उतारावर आहे. तिथे होलमध्ये घालायचा हट्ट सोडा, परतीचा पट चढाचा आणि लहान कसा पडेल ते बघा.

तुमच्या गेममध्ये वेगाचा आकडा दिसत नसेल तर प्रॅक्टिस ग्रीनवर सपाट जागा शोधून २० फुटांचा जोर लावा आणि चेंडू खरोखर किती जातो ते पाहा. बंदुकीची नळी इथेही थोडी वाकडी असतेच.

पाणी कुठे पळेल

न्हाणीघर धुताना पाणी मोरीकडे पळतं. फरशीचा उतार डोळ्यांना दिसत नाही, पण पाण्याला कळतो. गेममध्ये ग्रीनवर जी जाळी (ग्रिड) दिसते, तिच्यावर जे मणी सरकताना दिसतात ते हेच पाणी. मणी ज्या बाजूला, उतार त्या बाजूला; मणी जितके जलद, उतार तितका तीव्र. जिथे मणी स्थिर, तिथे सपाट.

सगळी वाट एकदम बघू नका, तिचे तीन तुकडे करा. पहिल्या तुकड्यात चेंडू जोरात असतो, उताराला फारसा जुमानत नाही. शेवटच्या तुकड्यात तो दमलेला असतो, तिथले मंद मणीसुद्धा त्याला ओढतात. म्हणून कॅमेरा होलच्या मागे नेऊन शेवटचे पाच-सहा फूट आधी वाचा. सुरुवातीला डावा आणि शेवटी उजवा उतार असेल तर दोन्ही सारखे दिसले तरी उजवाच जिंकतो.

होलच्या किती बाहेर मारायचं हे मी कपात मोजतो, एक कप म्हणजे होलची एक रुंदी. होलची रुंदी ४.२५ इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर. चेंडू ४२.६७ मिलिमीटरचा, म्हणजे होलमध्ये शेजारी-शेजारी दोन मावतात आणि वर जागा उरते. पण ती जागा हळू येणाऱ्यालाच मिळते. सावकाश आलेला चेंडू काठावरूनही आत कलंडतो, जोरात आलेल्याला बरोबर मध्यातूनच जावं लागतं, नाहीतर काठाला लागून बाहेर. कॅरम खेळणाऱ्यांना हे समजवावं लागत नाही.

प्रॅक्टिस ग्रीनवर मंद, मध्यम आणि जलद मण्यांच्या तीन जागा शोधा. प्रत्येक ठिकाणी दहा फुटांचे पट मारत राहा आणि किती कप बाहेर मारल्यावर चेंडू आत जातो ते लिहा. एवढ्या तीन ओळींवर माझं निम्मं पटिंग चालतं. पट उताराचा असेल तर तोच आकडा वाढवा, कारण चेंडू हळू सुटतो आणि वळायला जास्त वेळ मिळतो. चढाचा असेल तर थोडा कमी करा.

तीन फुटांच्या आत एवढा हिशोब नको. उतार हलका असेल तर होलच्या आतलीच बाजू धरून जरा ठाम मारा. आणि तीस फुटांच्या पलीकडे होल दिसतच नाही असं समजा, तिथे परात ठेवली आहे आणि चेंडू परातीत थांबवायचाय. परातीत थांबला की दुसरा पट लहान पोरगंही घालेल. अमेरिकेच्या व्यावसायिक टूरवरचे खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात, वीस फुटांवरून सातातला एखादाच. गेममध्ये आपण त्यांच्यापेक्षा जास्त घालू शकतो, तरी वीस फुटांचा हुकला म्हणून कंट्रोलर आपटायचं कारण नाही. आमच्या घरी एकदा आपटलाय, दुरुस्तीचा खर्च भाच्याच्या खाऊच्या पैशातून गेला.

हात

याबद्दल थोडंच, कारण आधीचं नीट केलं की हात आपोआप शांत होतो. मागे नेणं आणि पुढे आणणं एका लयीत हवं. मी पॉवरलूमच्या खटखटीवर मोजतो, दिवसभर तीच कानात असते: खट म्हणताना मागे, खट म्हणताना पुढे. स्टिकने मारत असाल तर अंगठ्याचं टोक नको, मधला भाग स्टिकवर ठेवा, आणि कोपर मांडीवर टेकवा. गादीवर आडवं पडून पट मारायचे नाहीत. हा नियम आमच्याकडे रोज मोडला जातो आणि स्कोअरकार्डवर रोज दिसतो.

रोजचा अर्धा तास

लाइट गेली नाही तर आमचा क्रम असा असतो. पहिली दहा मिनिटं होलभोवती घड्याळाच्या काट्यांसारखे चार ठिकाणी चेंडू: बारा, तीन, सहा, नऊ. आधी तीन फुटांवरून, मग पाच, मग आठ. चारही पडल्याशिवाय मागे सरकायचं नाही. पुढची दहा मिनिटं तीस ते पन्नास फुटांचे परातीतले पट. मग तीनच होल, पण प्रत्येक शॉटआधी तोंडाने सांगायचं: कुठे थांबवतोय, हवेतून किती, कुठे चुकलं तर चालेल. समोरच्याने ऐकायचं. भाच्याला हे सांगताना माझीच आखणी कुठे ढिली आहे ते कळतं.

पट हुकला की वहीत एकच खूण: कमी पडला की पुढे गेला, वरच्या बाजूने गेला की खालच्या. आठवड्याने माझं पान उघडलं तर निम्म्याहून जास्त पट कमी पडलेले आणि खालच्या बाजूने गेलेले. याचा अर्थ मी जोरही कमी लावत होतो आणि वळणही कमी धरत होतो, रोज, न चुकता. हिशोबात अशी चूक सापडली की बरं वाटतं, कारण ती एका जागी दुरुस्त होते. त्यानंतर प्रत्येक पटला अर्धा कप बाहेर आणि एक फूट जास्त, एवढंच केलं.

एक लक्षात ठेवा. गेमचं अपडेट आलं की कधीकधी चेंडूचं पळणं, वाऱ्याचा जोर, ग्रीनचा वेग बदलतो आणि कालपर्यंतचे आकडे आज चुकायला लागतात. म्हणून क्लबच्या अंतरांचं पहिलं पान मी पेनने लिहीत नाही, पेन्सिलने लिहितो, आणि खोडरबर वहीतच ठेवतो.